स्मरणिकेचे पृष्ठांक जागेवर कसे बसवायचे? (वर्ड, ए५, मधोमध पिना)

पाटीपेन्सिल
वाचनालयाच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका वर्डमध्ये लावतेय. आकार ए५, ८८ पानं, मध्ये पिना. पंचवीसेक लेखकांच्या पंचवीस फाइली एकत्र करून झाल्या, शुद्धलेखनही झालं. आता अडलंय ते असं:

१. शीर्षकाचं पान आणि श्रेयनामावली यांवर पृष्ठांक नको. मनोगत, संपादकीय, अनुक्रमणिका यांवर 'तीन, चार, पाच' असे अक्षरी हवेत. पहिला लेख १ पासून सुरू.
२. देणगीदारांचा नऊ रकान्यांचा तक्ता आडव्या पानावर घेतलाय. तेव्हापासून पुढच्या सगळ्या पानांचा तळ बिघडलाय.
३. आकडे देवनागरी हवेत.
४. छापखान्यात देण्याआधी कार्यकारिणीला दाखवायला घरच्या प्रिंटरवर ए४ कागद दुमडून एक नमुना प्रत काढायचीय.

जाणकारांनी सांगावं.

उगाचच
नको असलेल्या आकड्यांना पांढरा रंग द्या. पहिला प्रश्न निकालात. पुढचा?

टोनरसम्राट
@उगाचच, शीर्षकाच्या पानाला फिकट पिवळी पार्श्वभूमी दिली की तुमचा पांढरा आकडा मस्त उठून दिसतो. शिवाय मोजणी तशीच राहते, म्हणजे पहिला लेख ९ वरच सुरू होणार. रंगाने मोजणी बदलत नाही.

खिळेजुळारी
पाटीपेन्सिलताई, पहिल्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: सेक्शन. वर्डला पान नावाची गोष्ट फारशी कळत नाही, त्याला सेक्शन कळतो. समास, कागद आडवा की उभा, शीर्ष-तळ (हेडर-फुटर), पृष्ठांक कुठून सुरू, हे सगळं सेक्शनला चिकटलेलं असतं. त्यामुळे तुमच्या फाइलीत निदान पाच सेक्शन हवेत: (१) शीर्षक आणि श्रेयनामावली, (२) मनोगत ते अनुक्रमणिका, (३) लेख, (४) आडवा तक्ता, (५) उरलेले लेख.

आधी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून अदृश्य खुणा दिसू द्या. मग खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सेक्शन' आणि 'फॉरमॅटेड पेज नंबर' या दोन्हींवर टिक करा. आपण नेमके कुठे आहोत ते आता पट्टीवर दिसेल. हे न करता सेक्शनच्या कामाला हात घालू नये.

आता लेआउट → ब्रेक्स. दुसऱ्या सेक्शनच्या आधी 'नेक्स्ट पेज', तिसऱ्याच्या आधी 'ऑड पेज' (पहिला लेख उजव्या पानावरच पडावा म्हणून), तक्त्याच्या आधी आणि नंतर 'नेक्स्ट पेज'. एंटर दाबून दाबून पुढच्या पानावर गेलेल्या जागा असतील तर ते सगळे एंटर उडवा. प्रत्येक लेखाचं शीर्षक हेडिंग १ मध्ये घ्या आणि त्या स्टाइलच्या पॅराग्राफ सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर' लावा. प्रत्येक लेख आपोआप नव्या पानावर जातो.

मग तळात डबल क्लिक करा. पाचव्या सेक्शनपासून उलट वर येत प्रत्येक सेक्शनमध्ये 'लिंक टु प्रीव्हियस' बंद करा. आधी लिंक तोडायची, मग आकडा पुसायचा. उलट केलंत तर मागच्या सेक्शनचाही आकडा पुसला जातो आणि माणूस म्हणतो वर्ड वेडं आहे. 'डिफरंट ऑड अँड ईव्हन' चालू असेल तर विषम पानाचा तळ आणि सम पानाचा तळ वेगळे धरले जातात, त्यांची लिंक वेगवेगळी तोडावी लागते. 'डिफरंट फर्स्ट पेज' चालू असेल तर तिसरीही. आणि हेडरची लिंक तोडली म्हणजे फुटरची तुटली असं नाही.

शेवटी तिसऱ्या सेक्शनमध्ये पेज नंबर → फॉरमॅट पेज नंबर्स → 'स्टार्ट ॲट १'. चौथ्या-पाचव्यात 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन'. तक्त्यानंतर आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात अशी तक्रार निम्म्या वेळा येते, तिचं कारण पाचव्या सेक्शनमध्ये राहून गेलेला 'स्टार्ट ॲट'.

शब्दखूण
वरच्यात एक भर. सेक्शनची सगळी माहिती त्या सेक्शनच्या *शेवटी* असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. म्हणून ब्रेक डिलीट केला की मागचा मजकूर पुढच्या सेक्शनचं रूप घेतो. तक्त्यानंतरचा ब्रेक उडवला तर तक्ता उभा होईल, आणि तक्त्याच्या आधीचा उडवला तर आधीचे सगळे लेख आडवे होतील. लगेच कंट्रोल+झेड.

पंचवीस फाइली जोडल्यात म्हणजे लेखकांचे सेक्शन ब्रेकही आत आले असणार. कुणाचा समास १ इंच, कुणाचं पान लेटर आकाराचं. फाइंडमध्ये कॅरेट (^) आणि इंग्रजी बी टाका, सगळे सेक्शन ब्रेक एकेक करून सापडतील. पाच सेक्शनना चारच ब्रेक लागतात, चारपेक्षा जास्त निघाले तर ते आगंतुक आहेत.

कोकणकडा
वाचनखूण साठवली.

मुक्तस्रोत
हेच लिबरऑफिस रायटरमध्ये फार स्वच्छ होतं. तिथे सेक्शनऐवजी पेज स्टाइल. 'प्रारंभ', 'मजकूर', 'आडवं' अशा तीन स्टाइल करा. जिथे बदल हवा तिथे इन्सर्ट → मोअर ब्रेक्स → मॅन्युअल ब्रेक, त्यात पेज ब्रेक निवडून पुढची स्टाइल द्या आणि 'चेंज पेज नंबर' वर टिक करून १ लिहा. लिंक तोडायची भानगडच नाही, प्रत्येक स्टाइलचा तळ स्वतंत्र.

दोन खाचखळगे आहेत. पृष्ठांकाच्या फील्डमध्ये 'ऑफसेट' नावाची जागा दिसते, तिथे आकडा टाकून मोजणी हलवायचा मोह होतो. ती त्यासाठी नाही. १ टाकला तर शेवटच्या पानावर आकडाच गायब होतो, कारण रायटर 'पुढच्या पानाचा' आकडा शोधतो आणि पुढे पान नसतं. दुसरा: विषम आकडा उजवीकडेच जाणार हा रायटरचा हट्ट. डाव्या पानाला १ दिलात तर मध्ये एक कोरं पान तो स्वतःहून घालतो. पडद्यावर ते नीट दिसत नाही, पीडीएफमध्ये येतं.

उगाचच
"वर्डमध्ये अडलंय" असं म्हटलं की दहा मिनिटांत लिबरऑफिसवाले हजर. बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत), पण ताईंची ८८ पानं आता तिकडे नेली तर अमृतमहोत्सवाचा शतकमहोत्सव होईल.

मुक्तस्रोत
नेऊ नका असंच म्हणेन. अर्ध्या कामात प्रोग्राम बदलला की ओळी हलतात. पुढच्या वेळेसाठी सांगितलं.

अनुस्वार
तिसरा प्रश्न. फाइल → ऑप्शन्स → लँग्वेज मध्ये एडिटिंगच्या भाषांत हिंदी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मग फॉरमॅट पेज नंबर्सच्या यादीत खाली १, २, ३ दिसतील. ते निवडलं की अनुक्रमणिकेतही देवनागरी आकडे येतात, कारण अनुक्रमणिका त्या त्या सेक्शनचंच रूप उचलते.

ऑप्शन्स → ॲडव्हान्स्डमध्ये 'न्यूमरल' नावाची एक खिडकी काही संगणकांवर दिसते, विशेषतः अरबी किंवा उर्दू जोडलेली असेल तर. तिथेही 'हिंदी' लिहिलेलं असतं. ते निवडू नका. त्याने अरबी लिपीतले आकडे येतात.

आकडा आला पण मजकुरापेक्षा बारीक किंवा जाड दिसतोय, असं झालं तर: वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा ठेवतं, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाखाली. वरच्या पट्टीतून आकार बदलून फरक पडला नाही तर कंट्रोल+डी दाबा आणि खालच्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात फॉन्ट आणि आकार भरा. तेच फुटर स्टाइलमध्ये केलंत तर सगळीकडे एकदम लागेल.

शब्दखूण
त्या यादीत 'एक, दो, तीन' पण असतं. अक्षरी आकडे हवेत म्हणून खुश होऊन लावू नका. चौथ्या पानापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, पाचव्यावर 'पाँच' उमटतं.

उगाचच
अध्यक्षांचं मनोगत पृष्ठ 'छह' वर. मराठी वाचनालय. वा.

पाटीपेन्सिल
बरं झालं सांगितलंत, मी तेच लावणार होते! मग अक्षरी मराठीत कसे आणायचे? सहाच पानं आहेत, तीन ते आठ.

शब्दखूण
सहा पानांसाठी सहा सेक्शन करू नका. तळात एक अटीचं फील्ड बसवा. कंट्रोल+एफ९ दाबलं की महिरपी कंस येतात (हाताने टाइप केलेले कंस चालत नाहीत). आत आयएफ लिहा, त्यापुढे पुन्हा कंट्रोल+एफ९ आणि पेज, मग बरोबरचं चिन्ह, 3, अवतरणात "तीन", आणि 'नाहीतर'च्या जागी पुढचं तसंच आयएफ, 4 आणि "चार". असं "आठ" पर्यंत एकात एक. शेवटी सगळं निवडून एफ९. फील्डमधले 3, 4 हे इंग्रजी आकडेच हवेत आणि त्या सेक्शनचं फॉरमॅटही 1, 2, 3 हेच ठेवा. रोमन किंवा देवनागरी केलंत तर पेजचं उत्तर 3 येत नाही आणि अट कधीच जुळत नाही.

किंमत एवढीच की अनुक्रमणिकेत मनोगत आणि संपादकीयासमोर इंग्रजी 3, 4 येतील. ते हाताने बदला, पण अगदी शेवटी. नंतर अनुक्रमणिका एकदा जरी अपडेट केली तरी हाताने लिहिलेलं पुसलं जातं.

वकीलकाका
थोडं विषयांतर. कोर्टाच्या कामात हाच ताप वेगळ्या रूपात येतो. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए४ कागद, निदान ७५ जीएसएम (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये), पाठपोट छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, दीड ओळीचं अंतर, डावा-उजवा समास ४ सेंमी आणि वर-खाली २ सेंमी असं ठरवलं. पाठपोट असल्यामुळे डावा-उजवा समास सारखा, म्हणजे मागच्या बाजूलाही शिवणीत अक्षर जात नाही. सिनॉप्सिसला (प्रकरणाच्या गोषवाऱ्याला) आकडे नसतात, इंग्रजी अक्षरं असतात. तिथेही वेगळा सेक्शन आणि फॉरमॅटमध्ये ए, बी, सी.

जोडपत्रं मात्र स्कॅन केलेली, त्यांना वर्डचा आकडा लागत नाही. आधी सगळ्याची एक पीडीएफ आणि मग पीडीएफच्याच प्रोग्राममधून सलग आकडे मारायचे. जोडपत्रांची पानं मोजून वर्डमध्ये 'स्टार्ट ॲट' टाकत बसणं हा उद्योग ऐनवेळी एक कागद वाढला की कोसळतो.

खिळेजुळारी
काकांचा समासाचा मुद्दा स्मरणिकेलाही लागू, फक्त उपाय वेगळा. पुस्तकात 'मिरर मार्जिन्स' लावा. ए५ ला आतला समास २० मिमी, बाहेरचा १५ ठेवला तर ओळ ११३ मिमीची मिळते, १३ पॉइंटच्या देवनागरीला छान. पिनांच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडतं, आत २० पुरे. परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून केलेली बांधणी) असेल तर आत २५ च्या खाली जाऊ नये.

आणि बाहेरच्या कोपऱ्यातला पृष्ठांक कडेपासून निदान १२ मिमी आत. कारण: ८८ पानं म्हणजे २२ कागद एकात एक दुमडलेले. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड. सगळ्यात आतला कागद बाहेरच्यापेक्षा जवळपास २ मिमी पुढे येतो आणि पिना मारल्यावर कटिंगमध्ये तेवढा जातो. ४३, ४४, ४५, ४६ या पानांवर बाहेरचा समास सगळ्यात अरुंद दिसतो तो यामुळे. (ही मोजणी पहिल्या पानापासूनची, तुमच्या छापील आकड्यांची नव्हे.)

टोनरसम्राट
चौथ्या प्रश्नाकडे. वर्डमध्ये 'बुक फोल्ड' आहे, पण तुमच्या फाइलीत आडवा तक्ता आहे म्हणून वापरू नका. बुक फोल्डमध्ये अर्ध्या कागदाचं एक पान होतं, त्यात एखादंच पान आडवं करता येत नाही.

फाइल साधी ए५ ठेवा, पीडीएफ करा आणि ॲक्रोबॅट रीडरमधून छापा: प्रिंट → बुकलेट, बोथ साइड्स, बाइंडिंग लेफ्ट, 'ऑटो-रोटेट पेजेस विदिन ईच शीट' वर टिक. कागद ए४. प्रिंटर स्वतः पाठपोट करत असेल तर 'फ्लिप ऑन शॉर्ट एज'. लाँग एज ठेवलंत तर प्रत्येक कागदाची मागची बाजू डोक्यावर उभी. साधं उभं पत्र पाठपोट छापताना लाँग एज असते, तीच सवय इथे नडते.

प्रिंटर एकाच बाजूने छापत असेल तर आधी 'फ्रंट साइड ओन्ली', गठ्ठा परत घालून 'बॅक साइड ओन्ली'. गठ्ठा कसा फिरवून घालायचा ते प्रत्येक यंत्राचं निराळं. आठ पानांच्या फाइलीवर, म्हणजे दोन कागदांवर आधी बघा. बरोबर आलंय का हे तपासायची खूण: एका बाजूला शेजारी शेजारी छापलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानं अधिक एक. ८८ ला ८९. पहिल्या कागदावर ८८ आणि १, पाठीवर २ आणि ८७. शेवटच्यावर ४६ आणि ४३, पाठीवर ४४ आणि ४५.

शब्दखूण
आडव्या तक्त्याचा पृष्ठांक राहिलाच. कागद आडवा केला की तळही आडव्या पानाच्या खाली जातो, आणि पुस्तकात तो आकडा एकटाच बाजूला लोळतो. चौथ्या सेक्शनच्या तळातला साधा आकडा पुसून त्याच तळात एक टेक्स्ट बॉक्स घाला, आत पृष्ठांक, टेक्स्ट डिरेक्शन ९० अंश. बॉक्सची जागा 'पेज'च्या हिशेबाने आडव्या पानाच्या *डाव्या* कडेला मधोमध. पुस्तक उभं धरलं की तो बरोबर खाली येतो. बॉक्सची कड आणि रंग 'नो'.

तक्त्याचं डोकं पुस्तकाच्या डाव्या बाजूला यायला हवं, पान सम असो की विषम. काही प्रिंटर ड्रायव्हर आडवं पान उलट्या बाजूला फिरवतात, मग डोकं उजवीकडे येतं आणि आकडा वर. पीडीएफमध्ये पान कुठल्या दिशेला फिरलंय ते बघूनच पुढे जा.

तक्ता दोन पानांवर जात असेल तर पहिली ओळ निवडून 'रिपीट हेडर रोज', आणि 'अलाउ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस' बंद. तक्ता पान पूर्ण भरून संपत असेल तर त्यामागे एक कोरं आडवं पान येईल. तक्त्यानंतर वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतंच, तो काढता येत नाही. त्याचा फॉन्ट १ पॉइंट, ओळीचं अंतर 'एक्झॅक्टली' १ पॉइंट, आधी-नंतरची जागा शून्य. कोरं पान जातं.

अनुस्वार
हे 'एक्झॅक्टली' त्या रिकाम्या परिच्छेदापुरतंच. मुख्य मजकुराला ते लावून पानं कमी करायचा प्रयत्न करू नका. १३ पॉइंटला एक्झॅक्टली १४ दिलं की रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत छाटल्या जातात. १८-१९ खाली उतरू नये, आणि फॉन्ट बदलला की पुन्हा तपासावं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. आगंतुक सेक्शन ब्रेक १४ निघाले, उडवले. पृष्ठांक जागेवर आले, मराठी 'तीन, चार' आले, तक्त्याचा आकडाही सरळ झाला. प्रारंभाची आठ आणि लेखांची ऐंशी, बरोबर ८८. आता नवीन: वर्डमधून फक्त लेखाची ५ ते ८ पानं छापायला सांगितली तर प्रारंभातली अनुक्रमणिकाच बाहेर येते.

शब्दखूण
कारण '५' नावाची पानं आता दोन आहेत. पेजेसच्या चौकटीत इंग्रजी पी आणि एस वापरून लिहा: पी५एस३-पी८एस३, म्हणजे तिसऱ्या सेक्शनमधलं पाच ते आठ. आकडेही इंग्रजीच. पूर्ण सेक्शन हवा असेल तर नुसतं एस३.

टोनरसम्राट
छपाईला कुठेही नेताना वर्डची फाइल नेऊ नका. तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो, ओळी सरकतात, ८८ ची ९१ होतात. पीडीएफ करा, मग रीडरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज → फॉन्ट्समध्ये प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' (फॉन्ट पीडीएफमध्येच सामावलेला) आहे का बघा. छापताना 'ॲक्चुअल साइज' (बुकलेट सोडून). 'फिट' ठेवलं की पान थोडं आकसतं आणि समासाचा सगळा हिशेब जातो.

खिळेजुळारी
सहमत. आणि छापखान्याला सुटी पानं एकापाठोपाठ असलेली पीडीएफ द्यायची, टोनरसम्राटांनी सांगितलेली बुकलेटची जुळणी करून नव्हे. पानांची मांडणी ते त्यांच्या यंत्राच्या कागदाप्रमाणे करतात. ८८ म्हणजे १६ पानी साडेपाच फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं म्हणजे एक फर्मा). त्यांना अर्धा फर्मा चालतो का ते आधी विचारा.

पाटीपेन्सिल
विचारलं. म्हणाले, जवळपास त्याच खर्चात ९६ करा. आठ पानं कुठून आणू?

उगाचच
आमच्या कविता आहेत.

खिळेजुळारी
जाहिराती घ्या. शेवटच्या लेखानंतर ऑड पेज ब्रेक देऊन वेगळा सेक्शन, लिंक तोडून तळ रिकामा. म्हणजे अनुक्रमणिकेला धक्का लागत नाही आणि ऐनवेळी एखादा जाहिरातदार गळाला तरी एकही पृष्ठांक हलत नाही. मधल्या पानांत मात्र एकही जाहिरात घुसवू देऊ नका, अध्यक्ष म्हणाले तरी.

पाटीपेन्सिल
अध्यक्षांचीच अर्ध्या पानाची आहे. त्यांना मधलं पान हवंय.

उगाचच
तिला पांढरा रंग द्या.